आजीची गोष्ट आणि छापील गोष्ट

सालवड हें गांव बोईसर स्टेशनापासून जवळ, तारापूरच्या औद्योगिक वसाहतीला अगदीं लागून आहे. माझे वडील कारखान्यांतील नोकरीनिमित्त तेथें येऊन राहिले, तेव्हां आजीहि आमच्याबरोबर आली. तिचें सारें आयुष्य समुद्रकांठच्या एका लहान गांवांत गेलेलें होतें. दिवसभर ती फारशी बोलत नसे. परंतु रात्रीं जेवणें आटोपून अंथरुणें पडलीं, कीं तिला वाचा फुटे. दिवसां गोष्ट सांगण्यास मात्र ती कधींहि तयार होत नसे. दिवसां गोष्ट सांगितली तर मामा वाट चुकतो, असें ती म्हणे. आणि मामा दिवाळीला खाऊ घेऊन येणारा असल्यामुळें आम्हीहि फार आग्रह धरीत नसूं.

तिच्या गोष्टींपैकीं चिमणी-कावळ्याची गोष्ट माझ्या विशेष आवडीची होती. ही गोष्ट महाराष्ट्रांत कोणास ठाऊक नाहीं? कावळ्याचें घर शेणाचें, चिमणीचें मेणाचें. पाऊस येतो, शेणाचें घर वाहून जातें, आणि भिजलेला कावळा चिमणीचें दार ठोठावतो. चिमणी आंतून त्याला थांबावयास सांगते, कारण तिचें कांहींतरी काम चाललेलें असतें. आजीच्या गोष्टींत हीं कामें संपतां संपत नसत. चिमणी वाल सोलीत असे, भात पाखडीत असे, आभाळ भरून आलें म्हणून वाळत घातलेली मासळी आंत घेत असे, कुडाला पडलेलें भोंक शेणमातीनें बुजवीत असे. पुष्कळ वर्षांनीं माझ्या लक्षांत आलें, कीं यांतील कांहीं कामें आजीनें त्याच दिवशीं आमच्या घरांत केलेलीं असत, आणि कांहीं ती आपल्या गांवीं कायमचीं सोडून आलेली होती.

मी दुसरी-तिसरींत असतांना घरीं रंगीत चित्रांचें एक गोष्टींचें पुस्तक आलें. त्यांत हीच गोष्ट होती. त्या चिमणीला बाळाला न्हाऊं घालणें, तीट लावणें आणि निजविणें एवढींच कामें होतीं. वाल, भात, मासळी यांचा पत्ता नव्हता. त्या रात्रीं आजी गोष्ट सांगूं लागली, तेव्हां मीं तिला मध्येंच थांबविलें आणि पुस्तक उघडून म्हणालों, “आजी, तुझी गोष्ट चुकली. पुस्तकांत असें नाहीं.” तिनें पुस्तक हातांत घेतलें, चित्रें पाहिलीं, आणि तें परत देत ती म्हणाली, “असेल बाबा. छापलेलें कसें चुकेल?” त्यानंतरहि धाकट्या भावंडांना ती गोष्टी सांगे, पण मी जवळ येऊन बसलों, कीं चटकन् आवरतें घेई.

आज तें पुस्तक माझ्याजवळ आहे आणि आजी नाहीं. तिच्या चिमणीच्या कामांची यादी मला अर्धीमुर्धीच आठवते. घरांतील आणि गांवांतील जुन्या गोष्टी मुलांसाठीं पुस्तकांत कशा उतरवाव्यात, याविषयीं आज जें बोलावयाचें आहे त्याचें मूळ या एका प्रसंगांत आहे. अशीं पुस्तकें होऊं नयेत असें माझें मुळींच म्हणणें नाहीं. तीं झालीं नसतीं तर पुष्कळ गोष्टी सांगणाऱ्यांबरोबरच गेल्या असत्या. प्रश्न आहे तो एवढाच, कीं पुस्तकानें गोष्ट टिकवावी, पण सांगणारीला गप्प बसवूं नये, यासाठीं काय करावें?

मराठींत मुलांच्या गोष्टी प्रथम छापल्या जाऊं लागल्या, तेव्हां घरच्या गोष्टी मागेंच राहिल्या होत्या. तंजावर येथें सरफोजी राजांच्या आश्रयानें १८०६ सालीं ‘बालबोध मुक्तावलि’ हें पुस्तक छापलें गेलें. तें इसापाच्या गोष्टींचें भाषांतर होतें. मुंबईस सदाशिव काशीनाथ छत्रे यांचीं ‘बाळमित्र’ व ‘इसपनीतिकथा’ हीं पुस्तकें १८२८ सालीं निघालीं. तींहि इंग्रजीवरूनच उतरविलेलीं. छत्रे यांचे मराठी मुलांवर मोठे उपकार आहेत, यांत शंका नाहीं. तथापि ग्रीस देशांतला कोल्हा मराठी पुस्तकांत येऊन बसला, तरी आमची भोपळ्यांतून लेकीकडून परत येणारी म्हातारी अद्याप स्वयंपाकघराच्या उंबऱ्याआंतच होती. जी वस्तु रोज फुकट मिळते, ती सांठवून ठेवण्याचें कोणास सुचत नाहीं.

ती सांठवावी असें वाटलें तें बऱ्याच अंशीं परक्यांना. मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रियर १८६५ च्या हिवाळ्यांत दक्षिणेच्या दौऱ्यावर निघाले, तेव्हां त्यांची मुलगी मेरी ही बरोबर होती, आणि तिच्या सोबतीला ॲना लिबराटा डिसूझा नांवाची आया होती. प्रवासांत वेळ जावा म्हणून मेरीनें तिला गोष्टी सांगावयास लावलें आणि त्या टिपून घेतल्या. १८६८ सालीं लंडन येथें ‘ओल्ड डेक्कन डेज’ हें पुस्तक निघालें, तें या गोष्टींचें. ॲनाचें घराणें मूळचें लिंगायत. आजोबांच्या वेळेपासून तें ख्रिस्ती झालेलें. गोष्टी तिला आजीकडून मिळाल्या होत्या. या पुस्तकांतील एक गोष्ट मला फार मोलाची वाटते: मेरीनें ॲनाचें नांव दडविलें नाहीं, एवढेंच नव्हे, तर तिच्या आयुष्याची हकीकत तिच्याच तोंडून ऐकून तिला पुस्तकांत स्वतंत्र प्रकरण दिलें. उणीव राहिली ती भाषेची. ॲनानें गोष्टी आपल्या मोडक्यातोडक्या इंग्रजींत सांगितल्या, मेरीनें त्या नीटनेटक्या इंग्रजींत लिहिल्या, आणि आजीच्या तोंडचे शब्द कोणते होते हें आतां कोणासहि सांगतां येणार नाहीं.

पुढें १९१४ सालीं सी. ए. किंकेड यांनीं आमच्या व्रतांच्या कहाण्या इंग्रजींत नेऊन ‘डेक्कन नर्सरी टेल्स’ हें पुस्तक काढलें. त्याला म. वि. धुरंधरांचीं सुंदर चित्रें आहेत. पण कहाणी ऐकावयाची ती व्रताच्या दिवशीं, हातांत अक्षता घेऊन. आटपाट नगरापासून शेवटच्या साठां उत्तरांपर्यंत ती मध्यें तोडावयाची नाहीं. इंग्रजी पुस्तकांत तीच मुलांच्या निजण्याच्या वेळची परीकथा झाली. शब्द बहुतेक राहिले, पण वेळ बदलली. आणि वेळ बदलली म्हणजे गोष्टीचा अर्थहि थोडा सरकतो. माझ्या आजीचें दिवसां गोष्ट न सांगणें हाहि त्या गोष्टीचाच एक भाग होता.

आमच्या भागापुरतें बोलावयाचें तर आणखी एका उद्योगाची आठवण केली पाहिजे. नाशिकचे कलेक्टर ए. एम. टी. जॅक्सन हे १९०९ सालीं अनंत कान्हेरे यांच्या गोळीस बळी पडले. लोकसमजुती व चालीरीती यांविषयीं त्यांनीं जमविलेली पुष्कळ सामग्री मागें राहिली होती. ती आर. ई. एन्थोव्हेन यांनीं संपादून ‘फोकलोअर नोट्स’ या नांवानें दोन भागांत प्रसिद्ध केली. त्यांतील एक भाग गुजराथेचा व दुसरा कोंकणाचा. कोंकणच्या भागांत ठाणें जिल्ह्यांतील मजकूरहि आहे. आणि आजचा पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ पर्यंत ठाणें जिल्ह्यांतच होता. ही माहिती पुरविली ती गांवोगांवच्या शाळामास्तरांनीं. पानांच्या तळाशीं ‘शाळामास्तर’ आणि पुढें गांवाचें नांव, अशा टीपा आहेत. गांव कळतो, मास्तरांचें नांव बहुधा कळत नाहीं, आणि मास्तरांना तें ज्या म्हाताऱ्या माणसानें सांगितलें, त्याची तर खूणहि उरलेली नाहीं. गांव लिहून ठेवला याबद्दल आभार मानावे, आणि माणूस लिहून ठेवला नाहीं याबद्दल हळहळावें, अशी तीं पानें वाचतांना मनाची स्थिति होते.

जर्मनींत याकोब व विल्हेल्म ग्रिम या बंधूंनीं आपला कथासंग्रह १८१२ व १८१५ सालीं दोन भागांत काढला. त्यांना पुष्कळ गोष्टी सांगणारी डोरोथेआ व्हीमान ही एका शिंप्याची बायको होती. १८१९ च्या आवृत्तींत तिचें चित्र छापून त्यांनीं तिचा मान राखला. परंतु पुस्तक मुलांच्या हातीं जाऊं लागलें तसा विल्हेल्म गोष्टींवर हात फिरवूं लागला. दुष्काळांत मुलांना रानांत सोडून देणारी सख्खी आई पुढील आवृत्तींत सावत्र आई झाली. मुलांसाठीं पन्नास निवडक गोष्टींची लहान आवृत्ति १८२५ सालीं निघाली, आणि जगभर पसरलें तें हें मुलांचें रूप. विल्हेल्मला दोष देणें सोपें आहे. पण पहिल्या आवृत्त्याहि टिकून राहिल्या, म्हणूनच काय बदललें हें आज आपणांस कळतें. मूळ जपून ठेवलें असेल, तर मुलांसाठीं केलेला फेरफार लबाडी ठरत नाहीं. मूळ नाहींसें करून केलेला फेरफार मात्र परत दुरुस्त करतां येत नाहीं.

महाराष्ट्रांतहि पुढें आपल्याच माणसांनीं हें काम हातीं घेतलें. साने गुरुजींनीं बायकांच्या तोंडच्या ओव्या गोळा करून ‘स्त्री जीवन’ या नांवानें दोन भागांत प्रसिद्ध केल्या. दुर्गाबाई भागवतांनीं ‘लोकसाहित्याची रूपरेखा’ लिहून या विषयाला शास्त्राची बैठक दिली. आणि त्याच विदुषीनें निरनिराळ्या प्रांतांच्या लोककथा मुलांसाठीं सोप्या मराठींत आणल्या. महाराष्ट्र राज्य लोकसाहित्य समितीच्या द्वारें सरोजिनी बाबर यांनीं खेड्यापाड्यांतून आलेल्या गोष्टींचे, गाण्यांचे व उखाण्यांचे ग्रंथ एकामागून एक काढले. हेमा राईरकर व गी पॉइत्वाँ यांच्या पुढाकारानें गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या. त्या आतां ज्या रीतीनें वाचकांपुढें ठेवल्या जात आहेत, ती रीत आपण सर्वांनीं उचलण्याजोगी आहे: ओवीबरोबर ती गाणारीचें नांव आहे, गांव आहे, आणि जेथें मिळाला तेथें तिचा आवाजहि आहे. कोंकणच्या टीपांत जें राहून गेलें, तें येथें भरून निघालें.

आतां पुन्हां आमच्या जिल्ह्याकडे येऊं. सालवडपासून थोडें दूर गेलें, कीं वारल्यांचे पाडे लागतात. वारल्यांचीं पांढऱ्या रंगांतील चित्रें आज पेल्यांवर, पडद्यांवर आणि लग्नपत्रिकांवर सुद्धां दिसतात; ज्यांच्या घरीं तीं आहेत, त्यांपैकीं कितीजणांना त्या चित्रांमागची गोष्ट ठाऊक आहे? लग्नाच्या वेळीं गेरूनें सारवलेल्या भिंतीवर तांदुळाच्या पिठानें चौक काढतात. त्याच्या मध्यभागीं पालघट देवी असते, आणि धवलेरी आपल्या गाण्यांनीं तें लग्न लावते. चौक काढला जातो तो त्या विधीपुरता. गाणें नसेल तर चौक अपुरा. १९४५ सालीं के. जे. सावे यांचें ‘द वारलीज’ हें पुस्तक निघालें. १९७० नंतर डहाणू तालुक्यांतील गंजाडचे जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) यांनीं भिंतीवरचीं चित्रें कागदावर आणलीं, आणि २०११ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या चित्रांसह लक्ष्मी लाल यांनीं वारली कथा इंग्रजींत सांगितल्या. अलीकडे कविता महाजन यांनीं वारली लोकगीतें संकलित केलीं. तरीहि चित्रांचा जेवढा बोलबाला झाला, त्याच्या शतांशानेंहि कथांचा झाला नाहीं. चित्र परक्यालाहि पाहतां येतें. गोष्ट ऐकावयाची तर सांगणारीच्या शेजारीं बसावें लागतें आणि तिची बोली समजून घ्यावी लागते.

शेजारीं बसणें म्हणजे काय, हें या जिल्ह्यानें एकदां पाहिलेलें आहे. ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें खेड्यांतील बालशिक्षणाचें काम आरंभिलें. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि १९५७ पासून तें काम कोसबाडच्या टेकडीवर चाललें. आदिवासी मुलें शाळेंत येत नाहींत असें दिसतांच त्यांनीं शाळाच मुलांच्या अंगणांत नेली, आणि मुलें गुरें राखतात त्या कुरणांतहि नेली. मुलांना ओळखीच्या वस्तु, ओळखीचीं गाणीं आणि ओळखीची बोली घेऊन शिकवावें, ही त्यांची दृष्टि. आजीची गोष्ट आणि छापील गोष्ट यांच्यांत भांडण लावावयाचें नसेल, तर पुस्तक करणारानेंहि अशीच अंगणापर्यंत चाल करावी लागते.

श्रोत्यांपैकीं कित्येकांना वाटेल, कीं हीं सारीं विद्वानांचीं आणि संस्थांचीं कामें आहेत. घरच्या माणसानें काय करावें? माझ्या मतें घरच्या माणसाचेंच काम यांत सर्वांत मोठें आहे, आणि तें अवघडहि नाहीं. त्याला एक वही पुरे. हल्लीं प्रत्येकाच्या खिशांत मोबाइल असतो, त्यावर आवाज धरून ठेवतां येतो. मात्र तसें करण्यापूर्वीं सांगणारीची परवानगी घ्यावी, आणि मग तें यंत्र तिच्या नजरेआड ठेवावें. गोष्ट तिच्या वेळीं ऐकावी. ती रात्रीं सांगत असेल तर रात्रीं, भाजी निवडतांना सांगत असेल तर आपणहि दोन जुड्या पुढ्यांत घ्याव्या. मध्यें प्रश्न विचारूं नये आणि चूक तर मुळींच काढूं नये. लिहून काढतांना तिचे शब्द तिचेच ठेवावे. ती ‘कूड’ म्हणाली तर आपण ‘भिंत’ लिहूं नये. न कळणाऱ्या शब्दांचा अर्थ पानाच्या शेवटीं द्यावा. तीच ओळ तिनें सात वेळां म्हटली असेल तर सात वेळां लिहावी, कारण तान्ह्या मुलाला झोप येते ती सातव्या वेळीं. शेवटीं तिचें नांव, वय, माहेरचें गांव, गोष्ट तिला कोणाकडून मिळाली तें, आणि ऐकल्याची तारीख लिहावी. मग तें सारें तिला वाचून दाखवावें. आपलें बोलणें कागदावर उतरलेलें ऐकून म्हाताऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर जो संकोच आणि जो आनंद दिसतो, तो एकदां पाहिला म्हणजे या कामाचा शीण वाटत नाहीं.

तेवढ्यानें मुलांचें पुस्तक होत नाहीं, हें खरें. जुन्या गोष्टींत क्रौर्य असतें. एखाद्या जातीची, काळ्या रंगाची किंवा वांझ बाईची हेटाळणीहि असते. ती आजच्या मुलापुढें जशीच्या तशी ठेवावी काय? माझें उत्तर असें, कीं वहीं एक असावी आणि मुलांचें पुस्तक दुसरें असावें. वहींत कांहीं गाळूं नये. पुस्तकांत जें गाळावयाचें तें विचार करून गाळावें, आणि गाळलें असें प्रस्तावनेंत सांगावें. मात्र भीति सगळीच गाळूं नये. अंधाऱ्या रानांत म्हातारीला वाघ भेटला नाहीं, तर तिच्या भोपळ्याची मजा ती काय राहिली? मूल भितें तें आजीच्या मांडीवर बसून. आणि भिऊन झाल्यावर सुखरूप घरीं पोंचणें हें तें त्या मांडीवरच शिकतें. शिवाय पुस्तकांत एखादें पान कोरें ठेवून त्यावर एवढाच प्रश्न छापावा: तुमच्या घरीं ही गोष्ट कशी सांगतात? माझ्या लहानपणच्या त्या रंगीत पुस्तकांत असें एक पान असतें, तर आजीला गप्प करण्याऐवजीं मीं तिच्या हातीं पेन्सिल दिली असती. आणि तिला लिहितां येत नसल्यामुळें तिनें सांगितलें असतें व मीं लिहिलें असतें.

दोन वर्षांपूर्वीं मीं आठवली तेवढी गोष्ट एका वहींत लिहिली. चिमणीच्या कामांच्या यादींत सात कामें भरलीं आणि खालीं रिकाम्या ओळी सोडल्या. मग ती वही घेऊन आत्याकडे गेलों. तिनें आतां ऐंशी ओलांडली आहे. मीं वाचीत होतों आणि ती डोळे मिटून ऐकत होती. मासळीपाशीं तिनें मला थांबविलें. “मासळी आंत घ्यायची ती आधीं, भोंक बुजवायचें मागून,” ती म्हणाली, “आणि नातवाच्या टोपीला टांका घालायचा, तें कुठें आहे?” मीं टोपी लिहून घेतली, तिच्यापुढें आत्याचें नांव व तारीख घातली. मासळी आणि भोंक यांचा क्रम तिच्या सांगण्याप्रमाणें फिरविला नाहीं. माझा एक आणि तिचा एक, असे दोन्हीहि लिहून ठेवले.

गेल्या पावसाळ्यांत ती गोष्ट मीं माझ्या नातीला वाचून दाखविली. कावळ्यानें तिसऱ्यांदा दार ठोठावलें, तेव्हां तिनें मला विचारलें, “आजोबा, चिमणी डबा भरत नाहीं का?” तिची आई पहाटे उठून तिघांचे डबे भरते. मीं वही खालीं ठेवली नाहीं. डबा तिथेंच लिहून घेतला, पुढें नातीचें नांव लिहिलें, आणि चिमणीनें डबा भरून होईपर्यंत कावळ्याला आणखी थोडा वेळ पावसांत उभें केलें.